सूत्र, दंड आणि क्रियापद : मराठी शास्त्रीय लेखनाच्या अक्षरजुळणीविषयी काही विचार

१

कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिरासमोरील सन्निधी रस्त्यावर एक लहानसे, बैठे, कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण व तारुण्याची पहिली वर्षे या घरात गेली. जन्म एरोडचा (२२ डिसेंबर १८८७), पण बहुतेक शाळा, पहिले कॉलेज आणि कॉलेजातील पहिले अपयश ही कुंभकोणमची. २००३ पासून शास्त्र विद्यापीठाने हे घर स्मारक म्हणून जतन केले आहे. रामानुजन पाटीवर गणित करीत, कोपराने पुसून टाकीत आणि हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरून ठेवीत, असे त्यांचे सर्व चरित्रकार सांगतात. कागद महाग होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की ज्या पुस्तकाने त्यांना गणिताची वाट दाखविली, त्या कार यांच्या 'सिनॉप्सिस'मध्येही हजारो प्रमेये अशीच, फारसा सिद्धतेचा पसारा न घालता, क्रमांक देऊन मांडलेली होती.

प्रस्तुत लेखक वाङ्मयाचा अभ्यासक आहे, गणिताचा नव्हे. अभ्यागत प्राध्यापक या नात्याने कुंभकोणमला राहण्याचा योग आला, तेव्हा त्याला पडलेला प्रश्न ग्रंथसंपादकाचा होता. या वह्यांतील मजकूर पाटीवरून वहीत आणि वहीतून छापखान्यात गेला, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर त्याचे काय झाले? आणि मराठीत शास्त्रीय लेखन करणाऱ्याने त्यापासून काय घ्यावे?

वाङ्मयाच्या नियतकालिकात गणिताच्या जुळणीची चर्चा कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर तिसऱ्या भागात आहे. वाचकाने तोवर धीर धरावा.

२

रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी इतकी त्रोटक व अपरिचित होती की सामान्य वाचकास ती झेपणे कठीण होते, अशा आशयाचे मत संपादक नारायण अय्यंगार यांनी पुढे नोंदविले आहे. ही तक्रार गणिताच्या चुकीची नव्हती. एका माणसाने स्वतःसाठी केलेले टिपण दुसऱ्याने वाचावयाचे म्हणजे त्यास नवी रचना द्यावी लागते, एवढाच तिचा अर्थ.

पुढचा इतिहास तर एखाद्या पाठचिकित्सकाने मुद्दाम रचावा असा आहे. रामानुजन १९२० साली वारले. त्यांचे प्रसिद्ध झालेले निबंध १९२७ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने एका ग्रंथात आणले. वह्या मात्र राहिल्या. त्यांच्या संपादनाचे काम वॉट्सन व विल्सन यांनी हाती घेतले. विल्सन १९३५ साली निवर्तले आणि काम अर्धवट राहिले. शेवटी १९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या वह्या दोन खंडांत प्रसिद्ध केल्या, त्या खिळे न जुळविता छायाचित्ररूपाने. एकही चिन्ह बदलले नाही, एकाही ओळीवर टीप नाही. बर्न्ट यांनी प्रत्येक विधान सिद्ध करीत, किंवा त्याची पूर्वीची सिद्धता दाखवीत, पाच खंडांची संपादित आवृत्ती काढली ती १९८५ ते १९९८ या काळात. दरम्यान १९७६ साली अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात रामानुजन यांच्या अखेरच्या काळातील सुटी पाने सापडली होती. तीही १९८८ साली प्रथम छायाचित्ररूपानेच बाहेर आली.

एकच मजकूर कधी छायाचित्र होऊन येतो, तर कधी जुळलेले पान होऊन. छायाचित्र निर्णय टाळते, जुळणी निर्णय घेते. एक छोटे उदाहरण पाहावे. हार्डी यांना १९१३ साली लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात रामानुजन यांनी एक समीकरण दिले आहे :

१ + २ + ३ + ४ + … = −१/१२

ही ओळ जशीच्या तशी जुळली तर शाळकरी मुलासही ती खोटी वाटेल, आणि 'बरोबर' या चिन्हाचा नेहमीचा अर्थ घेतला तर ती खोटीच आहे. रामानुजन यांच्या मनात येथे बेरीज नव्हती. श्रेणीशी निगडित असलेला एक स्थिरांक त्यांना अभिप्रेत होता, व वहीत ते तो शब्द वापरतातही. तेव्हा संपादकाने येथे काय छापावे? चिन्ह तसेच ठेवून खाली टीप द्यावी, की चिन्हच बदलावे? हा प्रश्न छापखान्यातला नव्हे. तो अर्थनिर्णयाचा आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांपुढे बसलेल्या अभ्यासकास तो नवा वाटू नये.

दुसरे उदाहरण परंपरित अपूर्णांकांचे. वह्यांत त्यांची रेलचेल आहे. दुसऱ्या वहीतील बारावे प्रकरण तर त्यांचेच. असा अपूर्णांक सरळ लिहिला तर छेदाखाली छेद, त्याखाली आणखी छेद, असा जिना उजवीकडे व खाली उतरत जातो. शिशाच्या खिळ्यांनी तो जुळणे म्हणजे दर पायरीला पट्ट्या कापून हाताने बसविणे. म्हणून मुद्रकांनी एक आडवी रीत रूढ केली : अपूर्णांक एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवावयाचे, आणि त्यांमधील अधिकचिन्ह मात्र नेहमीच्या जागी न ठेवता छेदाच्या पातळीवर उतरवावयाचे. ते उतरलेले चिन्ह पाहून जाणकार ओळखतो की ही साधी बेरीज नसून पुढचे सर्व छेदात गेले आहे. जुळाऱ्याच्या हातून ते चिन्ह किंचित वर सरकले, तर ओळ दिसावयास निर्दोष राहते आणि गणित दुसरेच होते.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९५४ साली गणिताच्या मुद्रणावर लेखक, संपादक व जुळारी या सर्वांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढले. चालू ओळीत उभा अपूर्णांक नको, तिरक्या रेघेचा वापरावा. करणीचिन्हाची लांब रेघ टाळून कंस घालावा, अशा जातीचे नियम तेव्हा रूढ होते. हे नियम खर्चापोटी आले हे खरे, पण खर्च गेल्यावरही ते टिकले, कारण ते डोळ्यांनाही मानवणारे होते. देवनागरीत तर त्यांची गरज दुप्पट आहे. आपल्या ओळीला वर वेलांटी व रफार आणि खाली उकार असल्यामुळे उभा अपूर्णांक ओळीत शिरला की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या त्याला भिडतात. शिवाय अंशाखालील आडवी रेघ आणि छेदातील अक्षराची शिरोरेखा यांत अंतर उरत नाही.

संगणकावरील जुळणीची कथा येथे थोडक्यात सांगतो. आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची छायाक्षरातील प्रुफे १९७७ साली क्नूथ यांच्या हाती आली. पहिल्या आवृत्तीच्या गरम धातूच्या जुळणीपुढे ती त्यांना इतकी हिणकस वाटली की त्यांनी स्वतःच 'टेक्' ही जुळणीची प्रणाली लिहिण्यास घेतली. तिच्यावर उभी राहिलेली 'लाटेक्' ही आज गणितज्ञांची नित्याची झाली आहे. फेल्टहाइस यांनी १९९१ साली देवनागरीसाठी तिची सोय केली, आणि २००४ साली आलेल्या 'झीटेक्'पासून युनिकोडमधील मराठी मजकूर थेट जुळविता येऊ लागला. साधन आहे, विनामूल्य आहे आणि उत्तम आहे. आपल्या अडचणी साधनाच्या अलीकडच्या आहेत.

३

आता ती शंका. वाङ्मयाच्या अभ्यासकास गणिताच्या जुळणीशी कर्तव्य काय? उत्तर एका शब्दात देता येते : छंदःशास्त्र. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने स्पष्ट केलेला मेरुप्रस्तार हा अंकांचा त्रिकोण आहे :

१
१ १
१ २ १
१ ३ ३ १
१ ४ ६ ४ १

याची चौथी ओळ मराठी शाळेतला प्रत्येक विद्यार्थी न कळत पाठ करतो. तीन अक्षरांचा सर्वगुरू गण एक (म). एक लघू असलेले तीन (य, र, त). दोन लघू असलेले तीन (भ, ज, स). सर्वलघू एक (न). एकूण आठ. मात्रांच्या मोजणीतून १, २, ३, ५, ८, १३ ही माला हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितली आहे, तीही छंदांच्याच संदर्भात. म्हणजे आपल्या परंपरेत काव्यशास्त्राचे पान हेच कित्येकदा गणिताचे पान असते.

आणि याच पानावर प्रस्तुत लेखकाने मार खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी एका संग्रहासाठी त्याने वृत्तांवर निबंध दिला. मूळ लेख जुन्या सांकेतिक फाँटमध्ये होता. लघूसाठी अर्धचंद्र आणि गुरूसाठी आडवी रेघ अशी खूण होती. छापखान्यात मजकूर युनिकोडमध्ये आणताना अर्धचंद्रांच्या जागी एक रोमन अक्षर आले, ते दिसले व दुरुस्त झाले. दिसले नाही ते वेगळेच. शेजारी शेजारी आलेल्या दोन लहान रेघांची संगणकाने आपल्या बुद्धीने एक लांब रेघ करून टाकली. 'गुरू गुरू लघू' हा त-गण 'गुरू लघू' असा दोन अक्षरांचा झाला. सारणीत जेथे जेथे दोन गुरू लागोपाठ होते तेथे तेथे एक अक्षर गळाले. प्रुफे मी वाचली होती. रेघा मोजल्या नव्हत्या. पुढे एका विद्यार्थिनीने प्रबंधाचे एक प्रकरण त्या सारणीवर उभारले आणि गळलेल्या अक्षरांना 'अपवाद' समजून त्यांची मोठ्या चातुर्याने उपपत्ती लावली. ते प्रकरण तिला पुन्हा लिहावे लागले. तिचे चार महिने गेले, ते कोणत्याही शुद्धिपत्राने परत मिळणारे नव्हते.

४

मराठीपुरत्या ज्या अडचणी ध्यानात आल्या त्या आता मांडतो. यांपैकी बऱ्याच इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाहीत, कारण इंग्रजीत त्या उद्भवतच नाहीत.

सर्वांत मूळची अडचण ही की रोमन लिपीत चल राशी तिरप्या अक्षरात आणि शब्द उभ्या अक्षरात छापण्याचा संकेत आहे. अक्षर तिरपे दिसले की ते शब्दाचा भाग नाही हे वाचकास सांगावे लागत नाही. देवनागरीत तिरपे अक्षर परंपरेने नाही; संगणक जे देतो ते उभ्याच अक्षराला ढकलून कलते केलेले असते. त्यातच 'क' आणि 'ख' या दोन राशींचा गुणाकार शेजारी मांडला की शिरोरेखा जुळते व 'कख' हा एक शब्द तयार होतो. जुन्या शालेय पुस्तकांतील 'क्ष' आणि 'य' यांविषयी मला आपुलकी आहे, आणि 'क्ष-किरण' हा शब्द तर त्यांच्या रूढीचा पुरावाच आहे. तथापि उच्च गणिताच्या लेखनात रोमन व ग्रीक तिरपी अक्षरे वापरावीत असे माझे स्पष्ट मत आहे. छंदःशास्त्रात, तर्कशास्त्रात व भाषाविज्ञानाच्या प्राथमिक मांडणीत देवनागरी अक्षरे ठेवावीत, पण ती ठळक वळणात घ्यावीत व दोन राशींत बारीक मोकळी जागा सोडावी. टेक्-कुलातील प्रणालीत सूत्राच्या आत देवनागरी अक्षर तसेच लिहिल्यास ते बहुधा गळून पडते. तेथे ते मजकूर म्हणून स्वतंत्रपणे घालावे लागते.

दुसरी अडचण विभक्तीची, आणि ती खास आपली. इंग्रजी लेखक राशीला शब्दयोगी अव्यय लावतो ते राशीच्या आधी. आपला प्रत्यय राशीच्या मागून येतो व तिला चिकटू पाहतो. 'क्ष-चा', 'न-व्या' असे लिहिले की मधले संयोगचिन्ह वजाबाकीसारखे दिसते. 'क्ष-१ चा वर्ग' हे क्ष या राशीतून एक वजा करून आलेल्या फलाचा वर्ग, की 'क्ष-एक' नावाच्या राशीचा? वाचकास ठरविता येत नाही. उपाय भाषेतच आहे : राशीमागे एक नाम ठेवावे व प्रत्यय त्या नामाला लावावा. 'क्ष या राशीचा वर्ग', 'न हा क्रमांक असलेले पद'. वाक्य दोन शब्दांनी लांबते, पण संदिग्धता जाते. ऋणचिन्ह, संयोगचिन्ह व अपसारणचिन्ह ही तीन वेगळी चिन्हे आहेत. ती वेगळीच टंकित करावीत आणि लहान रेघांचे आपोआप लांब रेघेत रूपांतर करणारी संगणकाची सोय लेखनाच्या पहिल्याच दिवशी बंद करावी.

तिसरी अडचण क्रियापदाची. इंग्रजी वाक्य सूत्राशी येऊन संपते, म्हणून स्वतंत्र ओळीत मध्यभागी मांडलेले सूत्र तेथे स्वाभाविक दिसते. मराठी वाक्य क्रियापदाशी संपते. परिणामी पानोपान असे दृश्य दिसते :

यावरून
य = २क + १
हे मिळते.

सूत्राखाली 'हे मिळते', 'असते', 'होय' असे एकेकटे शब्द लोंबकळत राहतात. पुष्कळ लेखक यावर 'पुढीलप्रमाणे' हा शब्द आधी घालतात. दहा पानांत तो चाळीस वेळा आला की वाचक कंटाळतो. माझ्या मते 'बरोबर' हे चिन्हच येथे क्रियापद मानावे. आपण मोठ्याने वाचताना 'य बरोबर दोन क अधिक एक' असे म्हणतो व थांबतो. कानाला काही उणे वाटत नाही. नामवाक्य ही मराठीची जुनी सवय आहे. तेव्हा 'म्हणून' हा शब्द डाव्या बाजूस, सूत्राच्याच ओळीत ठेवावा आणि क्रियापद सोडून द्यावे. जेथे ते हवेच असेल तेथे ते सूत्राच्या आधी येईल अशी वाक्यरचना करावी.

चिन्हांची सरमिसळ हा चौथा विषय. दंड आणि निरपेक्ष मूल्याची उभी रेघ, दुहेरी दंड आणि सदिशाच्या मानाची दुहेरी रेघ या जोड्या दिसण्यात एकच आहेत. श्लोकाचा अंक दोन दंडांत घातला तर गणिताच्या सवयीचा डोळा त्याला मूल्य समजतो. अशा लेखनात श्लोकांक कंसात घालणे बरे. विसर्ग व अपूर्णविराम ही दुसरी जोडी : शब्दाला चिकटून अपूर्णविराम दिला की तो विसर्ग वाटतो, म्हणून त्याआधी थोडी जागा सोडण्याची मराठी मुद्रकांची जुनी चाल योग्य आहे. गुणोत्तरातही तीच पाळावी. उलट, विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकित करण्याची जी सवय पसरली आहे ती शोधाला व वर्णानुक्रमाला मारक ठरते. 'दुःख' हा शब्द मग कोशातही सापडत नाही.

तळटिपेचा अंक सूत्राच्या डोक्यावर कधीही ठेवू नये. तेथे तो घातांक होतो.

अंकांविषयी वाद पुष्कळ आहे. देवनागरी अंक की आंतरराष्ट्रीय, यात मी आग्रही नाही. एकच अट आहे : मजकुरात देवनागरी आणि सूत्रात आंतरराष्ट्रीय असा विभाग केला असेल, तर तो शेवटपर्यंत पाळावा, आणि समीकरणाचा क्रमांक व मजकुरातील त्याचा उल्लेख एकाच अंकमालेत असावा. हे क्रमांक हाताने न लिहिता लाटेक्-सारख्या प्रणालीकडून घालून घ्यावेत. मध्ये एक समीकरण वाढले की पुढचे सर्व उल्लेख आपोआप सुधारतात.

फाँटची निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे त्यात आहेत काय, आणि असल्यास मजकुराची भाषा मराठी अशी घोषित केली आहे काय. घोषणा नसेल तर फाँटमध्ये असूनही हिंदी वळणे उमटतात. दुसरी गोष्ट अर्ध्या र-ची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. दुसऱ्या रूपासाठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्ताचे चिन्ह, मग 'य' या क्रमाने टंकन करावे. देवनागरीच्या मुद्रणाविषयी ज्यांना अधिक खोलात जावयाचे आहे, त्यांनी बापूराव नाईक यांचा १९७१ साली भाषा संचालनालयाने काढलेला ग्रंथ अवश्य पाहावा. खिळ्यांचे युग गेले तरी अक्षराच्या बांधणीविषयी त्यात जे आहे ते गेलेले नाही.

मेरुप्रस्तारासारखी आकृती मोकळ्या जागांची कळ दाबून कधीही रचू नये. फाँट बदलला की ती कोसळते. सारणीच्या घरांत अंक ठेवावेत. लघुगुरूंसाठी मी आता खुणा सोडून 'ल' व 'ग' हीच अक्षरे वापरतो. शोभा थोडी कमी, पण अक्षर गळाले तर ते दिसते.

५

कुंभकोणमहून तंजावर सुमारे चाळीस किलोमीटर. तेथे सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापविले. केरी यांचे मराठी व्याकरणही १८०५ सालीच सिरामपूरला छापले गेले. म्हणजे मराठी मुद्रणाचे हे दोन्ही प्रारंभ महाराष्ट्राबाहेरचे, आणि त्यांतील एक या कावेरीकाठचा. मराठी लिपीला छापखान्यात आणताना ज्यांनी प्रत्येक जोडाक्षराचा निर्णय प्रथम घेतला, त्यांच्यापुढे कोणताही संकेत तयार नव्हता. आपल्यापुढे सूत्रांच्या बाबतीत आजही तो पुरतेपणी तयार नाही. म्हणून लेखकाने स्वतःचे निर्णय एका कागदावर लिहून हस्तलिखितासोबत द्यावेत : राशी कोणत्या लिपीत, अंक कोणते, दंड कोठे, प्रत्यय कसा. एक पान पुरते. मूळ मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, कारण एकेका कंपनीच्या सांकेतिक फाँटमध्ये अडकलेले १९९० च्या दशकातील कितीतरी मराठी प्रबंध आज उघडत नाहीत, आणि उघडले तरी वाचता येत नाहीत.

राहिले मुद्रितशोधन. सूत्रांची व सारण्यांची प्रुफे एकट्याने वाचू नयेत. एकाने मूळ प्रत हातात घेऊन प्रत्येक चिन्ह उच्चारून वाचावे, 'कंस सुरू, क, अधिक, दोन, कंस पूर्ण, छेद तीन', आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवून चालावे. वाचणाऱ्यास विषय समजत नसेल तर अधिक चांगले. समजणारा माणूस न छापलेलेही वाचतो. माझ्या सारणीच्या दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी हे काम त्याच विद्यार्थिनीने केले. ती मूळ प्रतीवरून 'गुरू, गुरू, लघू' असे म्हणत गेली आणि मी मोजत गेलो. पहिल्या पानाला पाऊण तास लागला.